टॅकलचा गार्ड होताना

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेत, म्हणजे लाइनमध्ये, पाच जण असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना एकेक गार्ड आणि टोकांना दोन टॅकल. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक त्यांच्या मागे उभा असतो. समोरून तुटून पडणाऱ्यांना त्याच्यापर्यंत पोहोचू द्यायचं नाही, आणि चेंडू घेऊन कुणी पळणार असेल तर त्याच्यासाठी वाट फोडायची, हे या पाचांचं काम. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, त्यामुळे वर्षानुवर्षं सामने बघणाऱ्यांनाही या पाच जागांमधला फरक सहसा दिसत नाही. मी कॉलेजात तीन हंगाम लेफ्ट टॅकल खेळलो. आता व्यावसायिक लीगमध्ये गार्ड आहे, आणि अडलं तर सेंटर. टॅकल आणि गार्ड शेजारीशेजारी उभे राहतात, हात लांब केला तर एकमेकांना लागेल इतके. तेवढं सरकायला मला वर्षाहून जास्त लागलं. ते कसं झालं, हे मराठीत कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून लिहितोय.

आम्ही मूळचे कोल्हापूरचे. बाबांच्या नोकरीमुळे मी बारा वर्षांचा असताना ह्यूस्टनला आलो. देहयष्टी आजोबांची, ते तरुणपणी तालमीत घुमायचे. हायस्कूलच्या पहिल्याच आठवड्यात कोचने मला बघितलं आणि लाइनमध्ये उभं केलं. तिथून टेक्सासमधल्याच एका लहान कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली. हा भाग एवढाच.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, 2023 च्या शरद ऋतूत, व्यावसायिक संघांचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, सरावाला यायला लागले. उंची आणि वजन ते घेतातच, पण लाइनमनच्या बाबतीत त्यांचा जीव अडकलेला असतो हाताच्या लांबीत. खांद्याच्या हाडाच्या टोकापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत टेप लावतात. माझा हात भरला सव्वाबत्तीस इंच. टॅकलचा हात 34 इंच असावा अशी साधारण अपेक्षा असते. 33 च्या खाली गेला की ‘हा आतला माणूस’ असा शेरा पडतो. आतला म्हणजे गार्ड किंवा सेंटर. मोजणाऱ्याने आकडा मोठ्याने सांगितला, लिहिणाऱ्याने लिहून घेतला, आणि माझ्यापुरता लेफ्ट टॅकलचा विषय तिथे संपला.

यात मला अन्याय वाटला नाही. टॅकलच्या समोर असतो तो एज रशर, संघातला सगळ्यात चपळ मोठा माणूस. तो लांबून, वेगात आणि बाहेरच्या बाजूने येतो. दोघांच्या मध्ये मोकळी जागा असते, आणि ज्याचा हात आधी दुसऱ्याच्या छातीवर पोहोचतो त्याच्या ताब्यात पुढची झटापट जाते. कॉलेजात माझ्यासमोर येणारे रशर मी पायांच्या वेगावर थोपवत होतो. वरच्या पातळीवर त्यांचे हात 34 नि 35 इंचांचे असतात, आणि तिथे दोन इंच फार होतात.

त्या हिवाळ्यात मी आखूड हातांच्या टॅकलांचीच फिल्म, म्हणजे त्यांच्या सामन्यांचे व्हिडिओ, बघत बसलो. झॅक मार्टिन नोत्र दाम विद्यापीठात लेफ्ट टॅकल होता. हात 33 ला अष्टमांश इंच कमी. 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात, डॅलस काउबॉइजने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं आणि राइट गार्डला उभं केलं. पुढचं दशकभर त्या जागेवर त्याच्या तोडीचा माणूस क्वचितच होता. पीटर स्कोरोन्स्की नॉर्थवेस्टर्नचा लेफ्ट टॅकल, हात माझ्याएवढाच सव्वाबत्तीस. 2023 मध्ये अकराव्या क्रमांकावर टेनेसी टायटन्सकडे गेला आणि गार्ड झाला. उलटं उदाहरणही आहे. रशॉन स्लेटरचा हात 33 इंच, तरी लॉस एंजेलिस चार्जर्सने 2021 मध्ये त्याला लेफ्ट टॅकलच ठेवलं आणि त्याने ती जागा शोभवली. म्हणजे टेप शेवटचा निकाल देत नाही. पण स्लेटरसारखे पाय असले तरच संघ टेपकडे काणाडोळा करतात, आणि लहान कॉलेजच्या पोरासाठी तेवढी वाट कुणी बघत नाही.

हाताच्या लांबीपेक्षाही मोठं कारण आहे ते संघाच्या हिशेबात, आणि ते मला कॉलेजात कुणीच सांगितलं नव्हतं. एनएफएल, म्हणजे अमेरिकेतली सगळ्यात वरची व्यावसायिक लीग, तिथल्या संघात 53 खेळाडू. सामन्याच्या दिवशी त्यातले जास्तीत जास्त 48 खेळायला सज्ज ठेवता येतात, तेही त्यात निदान आठ ऑफेन्सिव्ह लाइनमन, म्हणजे चढाईच्या लाइनचे, असले तरच. आठपैकी पाच मैदानात. उरलेल्या तिघांनी पाच जागा झाकायच्या. मग ज्याला एकच जागा येते तो बाकावर बसवायलाही परवडत नाही. आमच्यासारख्यांना पहिल्या पाचांत कुणी घेणार नव्हतं, म्हणजे आमची खरी शर्यत सातव्या-आठव्या जागेसाठी. तिथे ‘मी गार्ड खेळतो’ म्हणून भागत नाही, दोन्ही बाजूंचा गार्ड आणि शिवाय सेंटर यावा लागतो. लाइनमन होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलाला हा हिशेब पहिल्या वर्षीच सांगायला हवा असं माझं ठाम मत आहे. चार वर्षं एकाच बाजूला, एकाच पवित्र्यात काढल्यावर तो कळून फारसा उपयोग नसतो.

जानेवारीत मी एका जुन्या गार्डकडे शिकायला लागलो. वयाने बाबांएवढा माणूस, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली. त्याने पहिल्या दिवशी माझ्या टाचांमागे जमिनीवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, हिच्या मागे जायचं नाही.

हे ऐकायला सोपं आहे. टॅकलचा सगळा धंदाच मागे जाण्याचा. चेंडू सुटला की बाहेरचा पाय तिरका मागे सरकवायचा, मग आतला, पुन्हा बाहेरचा, असं करत रशर आणि क्वार्टरबॅक यांच्या मधली रेघ धरून ठेवायची. तो बाहेरून वळायला लागला तर त्याला तसाच ढकलत क्वार्टरबॅकच्या पाठीमागून काढून द्यायचं. दोन-तीन यार्ड मागे गेलं तरी बिघडत नाही, कारण आपण कडेला असतो. गार्ड मागे गेला तर तो थेट क्वार्टरबॅकच्या पायात जातो. कडेने रशर आले की क्वार्टरबॅक पुढे पाऊल टाकून निसटतो, आणि तो ज्या जागेत पाऊल टाकणार ती जागा राखायची गार्डने. ती राखली नाही तर टॅकलने चोख केलेलं कामही वाया जातं. चार वर्षं जे पायात मुरवलं होतं तेच इथे चुकीचं ठरत होतं. मी रोज ती पट्टी ओलांडायचो, कोच काही न बोलता पुन्हा तिथे आणून उभा करायचा.

दुसरी गोष्ट वेळेची. टॅकलला समोरचा येईपर्यंत क्षणभर तरी मिळतो, त्यात त्याचे खांदे वाचता येतात, हुल द्यायला एक हात पुढे करून मागे घेता येतो. गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर समोरच्या बचाव करणाऱ्या संघाचा जो डिफेन्सिव्ह टॅकल उभा असतो तो 300 पाउंडांच्या पुढचा, आणि दोघांच्या हेल्मेटमध्ये चेंडूच्या लांबीहून फार जास्त अंतर नसतं. चेंडू हलला की तो अंगावर. पहिलं पाऊल पूर्ण टेकायच्या आत टक्कर होते. तिथे विचाराला जागाच नाही, हात आधीच कोपरातून मिटलेले आणि आतल्या बाजूने छातीवर जायला तयार हवेत.

सरावाचे व्हिडिओ मी आजोबांना पाठवायचो. त्यांना या खेळाचे नियम आजही नीट माहीत नाहीत. त्यांनी एक व्हिडिओ बघून फोन केला. “अरं, पाय लय लांब टाकतोयस तू. समोरचा अंगावर आला तवा तुझा एक पाय हवेतच हाय. मग तो उचलणार न्हाई तर काय करणार?” मी म्हटलं, “आजोबा, कोच पण हेच सांगतोय.” “मग ऐक की त्याचं. बूड खाली घे आन् दोनी पाय जिमिनीला ठेव.” कुस्तीत आणि लाइनवरच्या झटापटीत खरंच खूप सारखं आहे, आणि अमेरिकेतले लाइनचे कोच शाळेत कुस्ती केलेली मुलं आवडीने शोधतात. कंबर ज्याची खाली त्याचा जोर वर जातो. समोरच्याने रेटा दिला की मागे न जाता कमरेतून बसायचं, दोन्ही पाय एकदम किंचित उचलून पुन्हा रोवायचे आणि वजन त्याच्याखाली न्यायचं. याला अँकर म्हणतात. माझा अँकर बसायला फेब्रुवारी संपला.

वजनही वाढवावं लागलं. टॅकलला 298 पाउंड ठीक होते, आत तेवढ्यावर टिकत नाही. 312 पर्यंत नेलं, तेही मांड्या आणि पार्श्वभागातून, पोटातून नको. आईने कोंबडी, अंडी, भात आणि भाकरीची सगळी जबाबदारी घेतली आणि माझ्या जेवणाची वही ती स्वतः लिहायची.

सगळ्यात अवघड गेला तो सेंटर. चेंडू दोन पायांमधून पाच यार्डांवर उभ्या क्वार्टरबॅकच्या छातीवर टाकायचा आणि त्याच क्षणी समोरच्याशी भिडायचं. चेंडू असा मागे टाकणं म्हणजे स्नॅप. नुसता स्नॅप आठवडाभरात जमतो. पाऊल टाकत टाकत, समोर माणूस अंगावर येत असताना तोच स्नॅप त्याच उंचीवर जाणं ही निराळी गोष्ट आहे. मी ‘डेड स्नॅप’ शिकलो. यात चेंडू त्याच्या टोकाजवळ धरतात आणि मनगट न फिरवता सोडतात, त्यामुळे तो गिरक्या न घेता तरंगत जातो आणि झेलायला सोपा असतो. बाबा ऑफिसातून आले की आम्ही घरासमोरच्या पार्किंगमध्ये जायचो. ते पाच यार्डांवर उभे राहून झेलायचे आणि प्रत्येक चेंडू गुडघ्याला आला, छातीला आला की डोक्यावरून गेला ते मोठ्याने सांगायचे. दिवे लागल्यानंतरही आम्ही तिथेच असायचो. या सगळ्या प्रवासात मला कुणाचे आभार मानायचे असतील तर आधी त्यांचे.

स्नॅपच्या पलीकडे सेंटरचं खरं काम तोंडाचं आणि डोळ्यांचं. समोरच्या लाइनबॅकरपैकी, म्हणजे बचावाच्या लाइनमागे उभे राहणाऱ्यांपैकी, एकाला ‘माइक’ ठरवून ते ओरडून सांगायचं. त्यावरून पाचही जण ठरवतात की कोण कुणाला घेणार. टॅकल असताना हे माझ्या कानावर आतून यायचं आणि मी माझ्या माणसापुरतं बघायचो. आता ते सांगणारा मीच. मी वहीत प्रत्येक डावाखाली पाच रकाने आखायला लागलो, पाचही जागांनी त्या डावात काय करायचं ते लिहायला. असं केल्यावर पहिल्यांदा कळलं की चार वर्षं जे डाव मी पाठ केले होते, त्यांचा पाचवा भागच मला माहीत होता.

मार्चमध्ये कॉलेजचा प्रो डे, म्हणजे व्यावसायिक संघांसमोरच्या चाचण्यांचा दिवस, झाला. चाळीस यार्ड धाव, 225 पाउंडांचा बेंच प्रेस, शटल. आकडे बरे आले. नंतर एका लाइन कोचने मला बाजूला घेतलं आणि राइट गार्डच्या पवित्र्यात उभं केलं. उजव्या बाजूला सगळं उलटं. डाव्या टॅकलचा डावा पाय मागे असतो, चार वर्षं त्याच कमरेवर भार पडलेला. उजवी कंबर आखडलेली होती, ते त्याला दोन पावलांत दिसलं असणार. मग त्याने चेंडू हातात दिला आणि म्हणाला, स्नॅप करून दाखव. हे मागितलं गेलं याचाच मला आनंद झाला.

एप्रिलअखेरीस डेट्रॉइटला ड्राफ्ट होता. पहिल्याच रात्री ड्यूक विद्यापीठाचा लेफ्ट टॅकल ग्रॅहम बार्टन याला टँपा बेने 26 व्या क्रमांकावर घेतलं, ते सेंटर करण्यासाठी, आणि पहिल्याच हंगामात तो तिथे खेळलाही. सात फेऱ्यांत 257 नावं पुकारली गेली. त्यात मी असेन असं कुणालाच वाटत नव्हतं. नंतर एका संघाकडून फोन आला, नवोदितांच्या शिबिरात चाचणीसाठी या म्हणून. करार नाही, फक्त जर्सी आणि संधी.

त्या शिबिरात पॅड चढवायला परवानगी नसते. लाइनमनची ताकद त्यात दिसणारच नाही, दिसतात फक्त पाय आणि डोकं. सकाळी राइट गार्ड, दुपारी लेफ्ट गार्ड, दुसऱ्या दिवशी सेंटर. कॉलेजात पाससारख्या दिसणाऱ्या डावातही लाइनमनला तीन यार्डांपर्यंत पुढे जाता येतं, त्यामुळे आम्ही बिनधास्त घुसायचो. एनएफएलमध्ये ही मुभा एकच यार्ड आहे. हे वाचून माहीत असतं, पण पायांना सांगावं लागतं. डाव पुकारण्याची पद्धतही वेगळी. आमच्या कॉलेजात कडेवरून खुणा यायच्या. तिथे घोळक्यात उभं राहून क्वार्टरबॅकच्या तोंडून लांबलचक वाक्य एकदाच ऐकायचं आणि त्यातले आपले दोन शब्द उचलायचे. वहीतले पाच रकाने तिथे कामी आले, मी जागा बदलूनही अडलो नाही. शेवटी कोचने बोलावून सांगितलं की पाय आत बसलेत, हात अजून उशिरा येतायत. करार मिळाला नाही. त्याचं म्हणणं खरं होतं आणि त्याने ते स्पष्ट सांगितलं, याबद्दल मला त्याच्याविषयी आदर आहे.

पुढचे महिने मी माझ्याच हायस्कूलमध्ये मुलांना शिकवत आणि त्या जुन्या गार्डकडे जात काढले. त्याच हिवाळ्यात कॅन्सस सिटीत उलटा प्रयोग चालू होता. जो थ्यूनी, कॉलेजातला लेफ्ट टॅकल, नंतर इतकी वर्षं लीगमधल्या उत्तम गार्डपैकी एक, त्याला डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा लेफ्ट टॅकलवर हलवलं कारण तिथे कुणी टिकत नव्हतं. तो फेब्रुवारीतला सुपर बोलही, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामनाही, त्याच जागेवर खेळला. फिलाडेल्फियाने त्या सामन्यात कॅन्सस सिटीचा क्वार्टरबॅक महोम्स याला सहा वेळा आडवं केलं, आणि लोकांनी सगळ्या लाइनला बोल लावले. मी थ्यूनीची ती फिल्म पुन्हा पुन्हा बघितली. आत स्थिरावलेला माणूस ऐन हंगामात कडेला जाऊन उभा राहतो, याला काय लागतं हे ज्याने एकदा उलट दिशेने केलंय त्याला कळतं.

2025 च्या वसंतात यूएफएलमधल्या, म्हणजे वसंतात खेळल्या जाणाऱ्या एका लहान व्यावसायिक लीगमधल्या, एका संघाने मला घेतलं. सगळे आठ संघ आठवडाभर टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला राहून सराव करायचे आणि सामन्यासाठी आपापल्या शहरात जायचे. पॅड चढवलेल्या पहिल्या सरावात माझ्यासमोर एनएफएलमध्ये खेळून आलेला डिफेन्सिव्ह टॅकल होता. त्याने मला सरळ रेटत नेलं. दुसऱ्यांदा मी बसलो, पाय रोवले, आणि तो थांबला. तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही, पण शेजारच्या सेंटरने माझ्या हेल्मेटवर थाप मारली.

त्या सेंटरबरोबर मला आतल्या खेळाचा खरा स्वाद लागला. धावण्याच्या डावात आम्ही दोघं मिळून एका मोठ्या माणसावर जातो, माझा डावा कुल्हा त्याच्या उजव्या कुल्ह्याला चिकटलेला, चार पाय एकाच लयीत. डोळे मात्र मागच्या लाइनबॅकरवर. तो ज्या बाजूला वळेल त्या बाजूच्याने सुटायचं आणि त्याला गाठायचं, दुसऱ्याने मोठ्या माणसाला एकट्याने पूर्ण घ्यायचं. आधी सुटलं तर मोठा माणूस फट फोडतो, उशिरा सुटलं तर लाइनबॅकर चेंडूवर पोहोचतो. हे बोलून ठरवायला वेळ नसतो. दुसऱ्याच्या कुल्ह्यातून जोर कमी झाला की कळतं, तो निघाला. टॅकल असताना मी चांगला असेन, पण मी कडेला एकटा होतो. जिंकलो तर कुणाला दिसायचं नाही, हरलो तर अख्ख्या स्टेडियमला दिसायचं, आणि दोन्ही माझं एकट्याचं. आत आल्यावर डावीकडे माणूस, उजवीकडे माणूस. हात आखूड म्हणून मला आत ढकललं हे खरंच आहे, पण मी गार्ड झालो तो या दोघांच्या अंगाची भाषा कळायला लागली तेव्हा.

हंगामाच्या मध्यावर एका सामन्यात आमच्या सेंटरचा घोटा मुरगळला. कोचने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी एक जागा डावीकडे सरकलो. चेंडू घामाने ओला. क्वार्टरबॅकने माझ्या पाठीमागून विचारलं, “ठीक?” मी माइक दाखवला, तो समोरच्यांनी बदलला, मी पुन्हा ओरडलो. स्नॅप छातीवर गेला. त्या चढाईत आम्हाला गुण मिळाले नाहीत, पुढच्या चढाईत तीन मिळाले. सामना संपेपर्यंत मी तिथेच होतो आणि एकही स्नॅप वाया गेला नाही. रात्री बाबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो स्नॅपच्या उंचीचाच.

हंगामाबाहेर मी अजून त्याच हायस्कूलमध्ये शिकवतो. कॉलेजला वसंतातले पंधरा सराव मिळतात, त्यातल्या एकदोनमध्ये टॅकलला आत उभं करायला काहीच हरकत नसते, पण लाइन मोडायची भीती म्हणून कोच ते करत नाहीत. हायस्कूलमध्ये तेवढी घाई नसते. मुख्य कोचने मला सरावाच्या शेवटची दहा मिनिटं दिली आहेत. त्यात लाइनमधला प्रत्येक मुलगा डाव्या आणि उजव्या, दोन्ही पवित्र्यांत उभा राहतो, आणि प्रत्येक जण, टॅकलसुद्धा, स्नॅप करतो. सध्याचा लेफ्ट टॅकल साडेसहा फूट उंच आहे, हात लांबलचक. तो मला विचारतो, मला हे कशाला? मी त्याला वहीत पाच रकाने आखायला सांगितलंय, आणि या आठवड्यात त्याने तिसरा भरलाय.